जुन्या स्पोर्ट्‌स कारचं कूलंट अचानक गळू लागलं, तर शोध कुठून सुरू करायचा

गाडीखाली कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, हिरवं किंवा गुलाबी थारोळं दिसलं की नवा मालक बहुधा दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर वॉटर पंप, होज (रबरी नळ्या), रेडिएटर असं जे सुचेल ते सगळं मागवून बसतो, नाहीतर कूलंटच्या टाकीत पाणी ओतून ‘बघू पुढे’ म्हणत गाडी हाकतो. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात इंजिन. ज्यांनी वीस-तीस वर्षं जुनी स्पोर्ट्‌स कार नुकतीच घेतली आहे आणि ज्यांना पाना धरता येतो, एवढ्यांसाठी हे लिहितोय. त्याहून जास्त अनुभव लागत नाही.

एक मत आधीच सांगून टाकतो. गळती कुठून होते हे शोधायच्या आधी ती केव्हा होते हे नीट लिहून काढा. इंजिन थंड असताना? गाडी पळताना? ट्रॅफिकमध्ये उभी असताना? की बंद केल्यावर दहा मिनिटांनी? या एका उत्तराने निम्मे संशयित बाद होतात. जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये तर हे फारच उपयोगी पडतं, कारण इंजिनाभोवती जागाच नसते आणि ‘कुठून’ हे डोळ्यांना दिसायलाच अर्धा दिवस जातो.

रस्त्यात असताना लक्षात आलं तर

टेम्परेचरचा काटा वर चढला, बॉनेटमधून वाफ आली किंवा आत गोडसर वास भरला, तर गाडी सुरक्षित जागी घ्या आणि इंजिन बंद करा. बाजूला घ्यायला मिनिटभर लागणार असेल तर तेवढ्यापुरता हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण सोडा, एसी बंद करा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. थोडी उष्णता तो बाहेर काढतो.

काट्यावर आंधळा विश्वास मात्र नको. बऱ्याच गाड्यांमध्ये तो मधल्या मोठ्या टप्प्यात मुद्दाम एका जागी धरून ठेवलेला असतो, चालकाने उगाच घाबरू नये म्हणून. त्यामुळे तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. दुसरी गोष्ट याहून वाईट. कूलंट इतकं कमी झालं की सेन्सर द्रवाच्या बाहेर पडतो, आणि मग इंजिन भाजत असताना काटा चक्क खाली येतो. हीटरमधून एकदम गार हवा यायला लागली आणि काटाही खाली घसरला, तर ‘बरं झालं, थंड झालं’ असं समजून पुढे जाऊ नका. ती धोक्याची खूण आहे.

रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण इंजिन गरम असताना उघडायचं नाही. कारण समजून घेतलं तर मोह होत नाही: पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मंनिम्मं असलेलं कूलंट उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं, पण १ बार दाबाच्या झाकणाखाली ते १२५ अंशांच्याही पुढे द्रवच राहतं. झाकण सैल केलं की दाब एका क्षणात उतरतो, आतलं कूलंट तिथल्या तिथे उकळतं आणि अंगावर येतं. वरचा होज हाताने दाबून बघा. तो कडक लागत असेल तर आत दाब आहे. मऊ आणि कोमट झाल्यावरच, जाड फडकं ठेवून, झाकण हळूहळू फिरवायचं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं हाही तेवढाच वाईट उद्योग. धातू एकाएकी आकसतो आणि हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

जमिनीवरचं थारोळं तसंच सोडू नका. ग्लायकॉल विषारी आहे, चवीला गोड असतं आणि कुत्री-मांजरं ते चाटतात. थोडंसंही त्यांच्या मूत्रपिंडांना पुरतं. पुसून टाका, वर भरपूर पाणी मारा. आणि हो, ‘बोट लावून चव घ्यायची’ हा जुन्या मेकॅनिकांचा सल्ला कृपया पाळू नका.

हे कूलंटच आहे ना?

हसू नका. एसीचं पाणी पाहून रेडिएटर उतरवलेले लोक आहेत. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या. एसीचं पाणी बिनरंगी, बिनवासाचं असतं आणि कागद वाळला की काही उरत नाही. कूलंट बोटांत चोळलं की किंचित बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो, रंग हिरवा, निळा, गुलाबी, नारिंगी, पिवळा यांपैकी कोणताही असू शकतो. रंगावरून प्रकार ठरवू नका, कारण रंग कंपन्या आपापल्या मर्जीने घालतात. काच धुवायचं पाणीही निळं किंवा हिरवं असतं, पण त्याला साबणाचा किंवा स्पिरिटचा वास येतो. पॉवर स्टीअरिंगचं तेल बहुधा लाल आणि तेलकट असतं, कागदावर पसरत जाणारा डाग सोडतं. ब्रेकचं तेल चाकाजवळ किंवा पेडलाजवळ सापडतं. ते असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी हलवू नका.

पुढचा प्रश्न: गळलं की उतू गेलं? ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर आलेलं कूलंटही जमिनीवर थारोळंच करतं. टाकीत खुणेच्या वर भरलं असेल तर ते तापून प्रसरण पावतं आणि जास्तीचं बाहेर पडतं, यात बिघाड काहीच नाही. पण रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा बंद पडलेला असेल, झाकण दाब धरत नसेल किंवा हेड गॅस्केट (हेड आणि त्याखालचं इंजिन यांच्यामधलं सील) गेलं असेल, तरीही कूलंट त्याच नळीने बाहेर येतं. म्हणून ओव्हरफ्लोच्या नळीचं तोंड कुठे उघडतं ते आधी शोधून ठेवा. थारोळं बरोबर त्याच्याखाली असेल तर होज तपासत बसण्यात अर्थ नाही. गाडी जागेवर चालू ठेवा, काट्यावर नजर ठेवून पंखा लागतो का ते पाहा. पळताना ठीक आणि ट्रॅफिकमध्येच कूलंट जातं, अशी तक्रार असेल तर पंखा, त्याचा रिले आणि त्याचा टेम्परेचर स्विच हे पहिले आरोपी.

‘केव्हा’ची नोंद

टाकीवर थंड इंजिनाच्या पातळीला चिकटपट्टी लावून पेनाने रेघ मारा. गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि त्यावर चारी चाकांच्या जागा काढून ठेवा, म्हणजे थेंब कुठे पडला हे गाडी हलवल्यावरही कळतं. मग निरीक्षण.

रात्रभर उभी असताना, अगदी थंडगार इंजिनातून थेंब पडतात आणि गाडी तापली की थांबतात: हे जवळजवळ नेहमीच क्लिपांचं काम असतं. वर्षानुवर्षं दाबून राहिलेलं रबर आपला लवचीकपणा हरवून बसतं, थंडीत आकसतं आणि स्क्रूची क्लिप त्याच्यामागे आत सरकत नाही. स्प्रिंगच्या क्लिपा सरकतात, म्हणूनच अनेक कारखाने त्या वापरतात. त्या काढून ‘मजबूत’ म्हणून स्क्रूच्या क्लिपा बसवणं ही नव्या मालकांची आवडती सुधारणा आहे आणि मला ती फारशी पटत नाही.

इंजिन चालू असताना, विशेषतः आरपीएम वाढवले की गळतं आणि बंद केलं की थांबतं: वॉटर पंप, त्याचं गॅस्केट, किंवा दाब आल्यावरच उघडणारी होजमधली चीर.

बंद केल्यावर पाच ते वीस मिनिटांत गळतं: इंजिन बंद झालं की पंप थांबतो, पण धातूतली उष्णता कूलंटमध्ये येतच राहते. त्यामुळे तापमान आणि दाब दोन्ही थोडा वेळ वाढतात. या वेळी फुटतात ते प्लॅस्टिकचे भाग, म्हणजे एक्सपान्शन टाकीचा (तापून फुगलेलं कूलंट सामावणाऱ्या टाकीचा) सांधा, रेडिएटरच्या बाजूच्या प्लॅस्टिक टाक्या आणि झाकणाचं रबर.

हीटर सुरू केल्यावरच जातं: हीटरचा व्हॉल्व्ह, त्याचे होज किंवा हीटर कोअर (हीटरमधला तो छोटा रेडिएटर). ज्या गाड्यांत हीटरचा प्रवाह व्हॉल्व्हने बंद होतो, त्यांनाच हे लागू आहे.

आणि शेवटचा प्रकार, सगळ्यांत छळणारा. पातळी कमी होते, पण जमिनीवर थेंब नाही. यात दोन शक्यता. एक म्हणजे थेंब गरम एक्झॉस्टवर पडून वाळून जातो. गाडी थांबवल्यावर बॉनेटजवळ गोडसर वास येतो आणि एक्झॉस्टवर पांढुरका ओघळ दिसतो. दुसरी म्हणजे कूलंट इंजिनाच्या आत जातंय. त्याबद्दल पुढे.

इंजिन कुठे आहे, त्यावर बरंच काही अवलंबून

पुढे इंजिन असलेल्या गाडीत थारोळं साधारण पुढच्या भागातच पडतं. मधे किंवा मागे इंजिन असलेल्या गाडीत रेडिएटर पुढे, इंजिन मागे आणि दोघांना जोडणारे लांब पाइप तळातून गेलेले. टोयोटा एमआर२ किंवा एमजीएफ घेतलीत तर गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या या पाइपांची आणि त्यांच्या दोन्ही टोकांच्या होजची ओळख करून घ्यावी लागते. पाइप गंजू शकतात, आणि कोणीतरी चुकीच्या जागी जॅक लावून ते चेपलेलेही असू शकतात.

काही मॉडेलांच्या खोडी इतक्या ठरलेल्या आहेत की तिथून सुरुवात केली तर वेळ वाचतो. १९८९ ते १९९७ या काळातल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५मध्ये रेडिएटरची वरची प्लॅस्टिक टाकी नवी असताना काळी असते. ती तपकिरी-हिरवट झाली की समजायचं, तिचे दिवस भरले. नव्वदच्या दशकातल्या बीएमडब्ल्यू ई३६मध्ये रेडिएटरचा प्लॅस्टिकचा गळा, थर्मोस्टॅटचं (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणाऱ्या व्हॉल्व्हचं) आवरण आणि एक्सपान्शन टाकी वयानुसार ठिसूळ होतात, आणि ठिसूळ प्लॅस्टिक झिरपत बसत नाही, एकदम तुटतं. त्याच दशकातल्या माझदा आरएक्स-७मध्ये कूलंटमधली हवा वेगळी करणारी छोटी प्लॅस्टिक टाकी अशीच दगा देते. १९९६पासूनची पोर्शे बॉक्स्टर आणि १९९७पासूनची ९९६ मालिकेतली ९११ यांत एक्सपान्शन टाकीला तडे जातात, आणि पुढच्या दोन कोपऱ्यांतल्या रेडिएटरांसमोर पालापाचोळा साचून, ओला राहून, जाळी कुजते. ९९६च्या टर्बो आणि जीटी३मध्ये भानगड वेगळी आहे. तिथे कूलंटच्या पाइपांची काही टोकं ॲल्युमिनियमच्या घरात चिकटद्रव्याने बसवलेली आहेत. वर्षानुवर्षं तापून-थंडावून ती पकड सुटते आणि पाइप एकदम निसटतो. यावर लोक ती टोकं वेल्ड करून घेतात किंवा पिन घालून पक्की करतात. त्याआधीची ९११ घेतली असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाहीच, ती इंजिनं हवेवर थंड होतात.

शेव्हरोले कॉर्व्हेट सी४च्या एलटी१ इंजिनात (१९९२ पासून) वॉटर पंपाच्या खालीच डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) आहे. पंप गळू लागला की पाणी त्यात शिरतं आणि इंजिन अडखळायला लागतं. तिथे मालक इग्निशनचा दोष शोधत राहतो आणि खरा दोष वर ठिबकत असतो. पोर्शे ९४४मध्ये वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तिथली गळती ‘जरा थांबून बघू’ या वर्गातली नाही, कारण पंप अडकला आणि बेल्ट गेला तर व्हॉल्व्ह वाकतात.

आता हात घालायचा

इंजिन पूर्ण थंड. गाडी वर घ्यायची असेल तर नुसत्या जॅकवर नाही, स्टँड लावूनच खाली जायचं. बुटक्या गाड्यांना जॅक लावायच्या जागा ठरलेल्या असतात, मॅन्युअलमध्ये पाहा. खालचा प्लॅस्टिकचा ट्रे काढा. हा ट्रे म्हणजे शोधकर्त्याचा शत्रू: वरून पडलेलं सगळं तो गोळा करतो, उतारावरून वाहवतो आणि भलत्याच भोकातून सोडतो. गळक्या छपराचं पाणी जसं वाशावरून वाहत जाऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठिबकतं, तसंच. म्हणून थेंब पडतो ती जागा शेवटची, आणि आपल्याला हवी असते पहिली. ओल्या भागाच्या सर्वांत वरच्या कडेपर्यंत बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन चढत जा. गाडी वेगात असताना वारा कूलंट मागे उडवतो, त्यामुळे पसारा मागच्या बाजूला आणि मूळ पुढच्या बाजूला असंही सापडतं.

जुन्या गळतीचे वाळलेले पांढरे, हिरवट किंवा गुलाबी खवले शोधा. ‘अचानक’ म्हणून आलेल्या बऱ्याच गळत्यांच्या जागी हे खवले आधीच जमलेले असतात. कोणी पाहिलेले नसतात एवढंच. ते दिसले की फोटो काढा आणि मगच पुसा. सगळं पुसून कोरडं केल्याशिवाय पुढची चाचणी करायची नाही.

होज एकेक करून दाबा. चांगला होज दाबला की परत आकाराला येतो. चिखलासारखा मऊ, दाबल्यावर करकरणारा, टोकाशी फुगलेला किंवा तेलाने माखलेला असेल तर तो बदलायचाच. रबर बरेचदा आतून चिरत जातं, तेही टोकापासून दोनेक इंचांत, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून टोकाजवळ दाबायचं आणि मधल्या भागाशी तुलना करायची. क्लिपेखालचा भाग, होज वळतो तिथला बाहेरचा बाक आणि कशाला तरी घासतो ती जागा, या तिन्हींवर बोट फिरवा.

वॉटर पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथे नुसता जुना वाळका डाग असेल तर काळजी नको. ओल किंवा ओघळ असेल तर पंप बदला. ते भोक बुजवायचा विचारही करू नका. बेल्ट सैल करून पंपाची पुली हाताने मागेपुढे हलवा, खडखडली तर बेअरिंगही गेलंय.

प्रेशर टेस्टर

घरी गळती शोधणाऱ्याने एकच खास अवजार घ्यायचं असेल, तर हे. हातपंप, मीटर आणि झाकणाच्या जागी बसणारा अडॅप्टर, एवढंच. यामुळे इंजिन थंड आणि बंद असताना आत गरम इंजिनाइतका दाब निर्माण करता येतो, म्हणजे पंखा-बेल्ट फिरत नाहीत, हात भाजत नाहीत आणि थेंब जिथून येतो तिथेच दिसतो.

कूलंट पातळीपर्यंत भरा. झाकणावर छापलेला दाब वाचा. साधारण १ बारच्या आसपासची झाकणं सर्रास दिसतात, फार जुन्या गाड्यांत निम्म्या दाबाचीही असतात. तेवढाच दाब भरा, वर एक कणही नाही, नाहीतर धड असलेला रेडिएटर तुम्हीच फोडाल. मग हात मागे घ्या आणि पंधरा मिनिटं काटा पाहा. काटा हलला नाही, तर इंजिन तापवून, वरचा होज मऊ आणि कोमट झाल्यावर आणखी एकदा करून बघा, कारण काही चिरा तापल्यावरच उघडतात आणि काही थंड झाल्यावरच.

काटा उतरतोय आणि थेंबही दिसतोय: काम झालं. काटा उतरतोय पण थेंब नाही: आधी टेस्टरचाच अडॅप्टर हवा सोडत नाही ना ते पाहा, कडेला साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे सांगतात. मग पुढच्या सीटखालचा गालिचा उचलून बघा. ओला आणि चिकट असेल, काचेवर आतून तेलकट धुकं येत असेल, तर हीटर कोअर. (नुसता ओला, न चिकटणारा असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त.) हीटर कोअर बदलायला बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तोपर्यंत त्याचे दोन होज इंजिनाच्या बाजूला एकमेकांना जोडून हीटर वगळता येतो. पण तुमच्या गाडीत तो वगळल्याने कूलंटचं फिरणं अडत नाही याची मॅन्युअलमध्ये खात्री करून घ्या.

झाकणाचीही त्याच टेस्टरने वेगळ्या अडॅप्टरवर चाचणी घ्या. झाकण हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग. ते ठरलेल्या दाबाआधीच सुटत असेल तर कूलंट लवकर उकळतं आणि ओव्हरफ्लोने जातं. ते अडकून सुटतच नसेल तर दाब वाढून दुसरंच काहीतरी फुटतं. नवा होज टाकला आणि महिन्याभरात दुसरा गेला, तर संशय झाकणावर घ्या.

इतकं करूनही जागा सापडत नसेल तर कूलंटला चालणारा यूव्ही डाय घाला, गाडी थोडी फिरवा आणि अंधारात यूव्ही बॅटरीने शोधा. इंजिनाच्या मागच्या भिंतीजवळच्या किंवा इनटेकखालच्या होजसाठी हा उपाय फार कामाचा आहे. इंजिन ब्लॉकच्या कुशीत बसवलेले कोअर प्लगही (ब्लॉकमधली भोकं बंद करणाऱ्या धातूच्या चकत्या) याच प्रकाशात पकडले जातात. ते आतून गंजून टाचणीएवढं भोक पडतं.

आत जात असेल तर

हेड गॅस्केटचं नाव निघालं की नव्या मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि इतरांना निदान करायची घाई होते. एका लक्षणावर निकाल देऊ नका. तेलाच्या झाकणाखालचा दुधाळ थर फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही जमतो, ते नुसतं साचलेलं बाष्प असतं. पण डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ तपकिरी असेल तर ते गंभीर आहे, इंजिन सुरू करू नका.

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर लक्षात घ्या की इतक्या लवकर तापून दाब येऊ शकत नाही. तो दाब ज्वलनकक्षातून आलाय. टाकीत सतत बुडबुडे, एक्झॉस्टमधून गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर, एखादाच स्पार्क प्लग बाकीच्यांपेक्षा लख्ख स्वच्छ, या साथीदार खुणा. खात्री करायला ब्लॉक टेस्टर वापरतात: टाकीच्या तोंडाशी निळा द्रव धरून त्यातून आतली हवा ओढायची. ज्वलनाचे वायू असतील तर द्रव पिवळा होतो. चाचणीपुरती टाकीतली पातळी थोडी कमी करा, कूलंट त्या द्रवात ओढलं गेलं तर निकाल बिघडतो. कोणता सिलिंडर हे लीकडाउन टेस्टने (सिलिंडरमध्ये हवा दाबून ती कुठून सुटते ते पाहून) कळतं, ते गॅरेजवर सोपवलेलं बरं. एमजीएफमधलं रोव्हरचं के-सीरीज इंजिन या दुखण्यासाठी प्रसिद्ध आहे. आरएक्स-७चं इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरते रोटर असलेलं, त्यामुळे त्यात हेडच नाही, तिथे हाउसिंगमधली कूलंटची सीलं जातात आणि लक्षणं बरीचशी अशीच असतात.

प्रेशर टेस्टर रात्रभर लावून ठेवला असेल आणि दाब गायब झाला असेल, तर सकाळी थेट स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये कूलंट साचलं असेल तर पिस्टन त्यावर आपटतो, द्रव दाबला जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळे स्पार्क प्लग काढा, इग्निशन आणि इंधन बंद ठेवा, मग इंजिन फिरवा. तोंड प्लगच्या भोकांपासून लांब ठेवा.

घरी जाण्यापुरतं

मंद ठिबक असेल, जागा माहीत असेल आणि काटा स्थिर असेल तर थंड इंजिनात पाणी भरून थोडं अंतर, मधे थांबत, जाता येतं. होजच्या चिरेवर स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून गुंडाळली तर ती तेवढी साथ देते, पण होज कोरडा पाहिजे. धार लागली असेल तर गाडी टो करा. ॲल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की टोइंगचं बिल किरकोळ वाटतं.

गळती बंद करणाऱ्या बाटलीतल्या औषधांबद्दल: मी ती जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये घालणार नाही. ती बाहेरची चीर आणि हीटर कोअरची बारीक नळी यांत भेद करत नाहीत. एकदा घातली की पुढचा मेकॅनिकही चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

दुरुस्तीनंतर

एक होज गेला म्हणजे त्याच वयाचे बाकीचेही रांगेत आहेत. कूलंट निघालंच आहे तर सगळे होज, थर्मोस्टॅट आणि झाकण एकदम बदला. पंप टायमिंग बेल्टच्या मागे असेल तर बेल्ट आणि पंप एकत्र. सांध्यांवरची जुनी घाण खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडा येऊ देऊ नका, आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा.

मॅन्युअलने सांगितलेल्या प्रकारचं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरा, दोन वेगळे प्रकार एकत्र करू नका. मग हवा काढणं. इथे घाई केली तर दुरुस्ती चांगली असूनही काटा वरखाली नाचतो, हीटर कधी गरम कधी गार होतो आणि तुम्हाला वाटतं, गळती परत आली. हीटर पूर्ण उघडा ठेवा, भरायचं तोंड शक्य तितकं उंच करा, हवा सोडायच्या ब्लीड स्क्रूमधून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत हळू भरा. मधे इंजिन असलेल्या गाड्यांत असे स्क्रू दोन-तीन ठिकाणी असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो, तो पाळा. निर्वात पंपाने भरायचं साधन मिळालं तर या गाड्यांत ते वापरणं सर्वांत सोपं.

थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन जागेवर चालवा, बहुतेकांचा तो ८२ ते ९२ अंशांच्या दरम्यान उघडतो; खालचा होज गरम झाला की उघडला असं समजायचं. पंखा एकदा लागून बंद होऊ द्या. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी परत पाहा, ती थोडी उतरलेली असेल, कारण उरलेली हवा निघाली. रेघेपर्यंत भरा. पुढच्या चार-पाच थंड सकाळी हेच पुन्हा. नव्या क्लिपा एकदा तापून-थंडावल्यावर अर्धा फेरा घेतात, तेवढ्या आवळा. त्यानंतरही पातळी रेघेखाली जात राहिली तर पुठ्ठा परत अंथरा आणि ‘केव्हा’ची नोंद नव्याने सुरू करा, बहुधा पहिल्या गळतीमुळे दाबच तयार होत नव्हता, म्हणून दुसरी दिसत नव्हती.